उन्हात उठलेला हात

शनिवार, ५ एप्रिल १९८६ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी धुमाळओढ्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलो, तेव्हा माझ्या पिशवीत तांब्याच्या नळीचे चार तुकडे, डाख लावण्याचे सामान आणि दोन जोड कपडे होते. काम दोन दिवसांत आटोपेल, असा माझा अंदाज होता.

फाट्यावर गिरिजाबाई हिरडे छत्री घेऊन उभ्या होत्या. त्या गावच्या महिला मंडळाच्या चिटणीस. लिंबांच्या बागांचा हा मुलूख. तेव्हा मंडळाने लिंबाच्या सालीपासून काहीतरी करावे, या विचाराने आदल्या वर्षी मी त्यांना वाफेवर सुगंधी तेल काढण्याचे लहानसे यंत्र बसवून दिले होते. सालीचे तेल, थोडे गवती चहाचे, थोडे वाळ्याचे, आणि हे सारे घाण्याच्या तीळतेलात. त्याला त्यांनी 'चैत्रतेल' असे नाव दिले होते. थंडी सरून ऊन चढू लागले की कातडी कोरडी पडते, अंगावर पुरळ येते आणि जिवाला उगाच हुरहुर लागते. या साऱ्यांवर हे तेल चांगले, अशी त्याची ख्याती झाली होती आणि पुण्याचे एक दुकान ते नियमाने घेई.

"तुमचं यंत्र महिनाभर नुसतं रडतंय, साहेब," गिरिजाबाई चालता चालता म्हणाल्या. "वाफ आत जाते आणि पाणी आमच्या पायावर येतं."

"नळीला चीर गेली असेल."

"नळीला गेली असेल. त्या घरात अजून कशाकशाला गेलीय." त्यांनी छत्री माझ्या बाजूला कलती केली. "एक ध्यानात ठेवा. यसूबाई कुत्र्याशी बोलायला लागली तर मध्ये उत्तर देऊ नका. ते तुमच्यासाठी नसतं. कुत्र्यासाठीही नसतं."

यंत्राची पत्र्याची शेड यसूबाई लगड यांच्या परसात होती. यसूबाई साठीच्या, हाडापेराने मोठ्या, हात पुरुषासारखे रुंद. शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, खिळे ठोकलेल्या पितळी परातीवर त्या अख्खी लिंबे तळव्याखाली दाबून फिरवत होत्या. सालीच्या बारीक गाठी फुटून तेल पाझरत होते आणि परातीच्या खोलगट बुडाशी साचत होते. हा माझ्या यंत्राचा मार्ग नव्हता. यंत्र बंद पडल्यावर त्यांनी काढलेली ती तोड होती. वास मात्र वाफेच्या तेलापेक्षा सरस होता, हे मान्य केले पाहिजे. सबंध परसात तो भरून राहिला होता, आणि कोणी नुकतेच लिंबू चिरले असावे अशी जाणीव दिवसभर होत राहे.

यसूबाईंनी मला मान लववली आणि दारात पसरलेल्या तांबड्या कुत्र्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मोत्या, पाव्हणं आल्यात म्हणावं. पाणी आण म्हणावं."

कुत्रे हलले नाही. आतून एक बाविशीची मुलगी तांब्या घेऊन आली. कपाळ मोकळे, हात मोकळे. तांब्या माझ्यापुढे ठेवून ती वळली, तेव्हा अंबाड्याखाली तिच्या मानेवर मला एक हात दिसला.

हात म्हणजे हाताचा ठसा. तांबूस काळा, कडा स्वच्छ. तळवा, अंगठा आणि तीन बोटे. करंगळीच्या जागी नुसता एक ठिपका. कोणी काजळीचा हात लावला असेल असे मला प्रथम वाटले. पण काजळी कातडीच्या वर असते. हा रंग कातडीच्या आत होता.

यंत्राकडे जायला निघालो. चुलाणाजवळ राखेचा खड्डा होता आणि त्यावर फळी टाकलेली होती. मी फळीवर पाय ठेवणार, तोच यसूबाईंनी परातीवरून उठून माझा हात कोपराखाली घट्ट धरला आणि मला मागे ओढले.

"कुजलीय ती फळी. गुडघ्यापर्यंत गेला असता, सायेब."

त्यांचा तळवा तेलाने ओला होता. मी आभार मानले, बाही वर सारली आणि गळकी नळी सोडवून परसात, उजेडात नेली. दुपारभर उन्हात बसून तिचे जोड तपासले.

संध्याकाळी गिरिजाबाईंच्या घरी जेवताना मी ठशाचा विषय काढला. माझा मुक्काम तिथेच होता.

"दिसला ना," त्या म्हणाल्या. "एकच दिसला?"

"अजून आहेत?"

"दोन्ही दंडांवर एक एक. होळी झाली नि उठायला लागले. आधी लाल, मग काळे. आणि तिला कोणी हात लावलेला नसतो. त्या घरात लावणारं आहे कोण?"

मग त्यांनी सांगितले ते असे. कांता ही यसूबाईंची सून. मार्गशीर्षात तिने नवऱ्याला, भानुदासला, दिवेलागणीला बागेत पाठवले. चहात पिळायला लिंबू हवे होते. बांधावर पान लागले, म्हणजे साप चावला. तालुक्याला नेईपर्यंत तो गेला. दहाव्याच्या दिवशी, साऱ्या भावकीसमोर, यसूबाई म्हणाल्या की, एका लिंबासाठी हिने माझा मुलगा घालवला. मी हिच्याशी बोलणार नाही, हिला शिवणार नाही, हिच्या हातचे घेणार नाही. तेव्हापासून काही सांगायचे झाले तर त्या कुत्र्याला सांगत. कांता ऐके आणि करी.

"माहेरी का नाही गेली?"

"माहेरी सावत्र आई आहे. इथं निदान कुत्रा तरी आहे."

"आणि ठसे?"

गिरिजाबाईंनी ताटातला घास बाजूला सारला. "भानुदासची करंगळी जन्मापासून आकडी होती, साहेब. सरळ व्हायची नाही. पाठीवर थाप मारली तरी करंगळीचं नुसतं टोक लागायचं. आता तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेतले, पण स्वीकारले नाही. तरीही त्या रात्री हात धुताना मी बोटे उगाच एकदा पसरून पाहिली.

"बुधवारी अमावस्या," गिरिजाबाई म्हणाल्या. "भूत उतरवणारे दगडूबाबा येणार आहेत. प्रत्येक ठशावर तापल्या विळ्याचा डाग द्यायचा, आणि तिसऱ्या दिवशी तिला माहेरी धाडायची. घरात राहिली तर तो जायचा नाही, म्हणतात."

"आणि तुम्ही चिटणीस म्हणून काय म्हणता?"

"चिटणीस तेलापुरती आहे मी. घर यसूबाईचं."

रविवारी सकाळी मी शेडवर गेलो, तेव्हा चौथा ठसा उठलेला होता. तो गालावर होता. कांता परसातल्या दगडी डोणीवर पाणी भरत होती. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत लालसर बोटे उमटलेली. कोणी थोबाडीत मारली असती तर बोटे तिरपी, ओढल्यासारखी उमटली असती. ही तशी नव्हती. कोणीतरी गाल हातात धरून थांबले असावे, तशी ती होती. करंगळीचा ठिपका जबड्याच्या टोकाशी.

यसूबाई शेडमधून टोपली घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. टोपलीतली लिंबे अंगणात गडगडत गेली. कांता ती वेचू लागली. यसूबाई तिच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर भीती होती, हे खरे. पण भीतीच्या खाली दुसरे काही होते. त्या कुत्र्याजवळ गेल्या.

"मोत्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चार येळा आला. चारी येळा तिच्याकडं. आईकडं एकदा तरी यावं का न्हाई?"

कुत्र्याने शेपटी जमिनीवर आपटली. मला तेव्हा कळले की, या बाईला भूत उतरवायचे नव्हते. तिला ते आपल्याकडे वळवायचे होते.

त्या दिवशी नळीचे दोन जोड बसवले. दुपारी एकच्या सुमाराला त्या परसात जी शांतता पसरे, तशी मी अन्यत्र अनुभवलेली नाही. लिंबाचा वास उन्हाने जड होई. पहाटेपासून तोडणीवर राबलेली कांता मागच्या ओट्यावर पदर उशाला घेऊन झोपे. यसूबाई परातीवरून उठत आणि "मोत्याला भाकर टाकून येते," असे म्हणून मागे जात. थोड्या वेळाने परत येऊन पुन्हा लिंबे फिरवू लागत. पुढे कांता उठून, उन्हात बसून साली पसरी. रोज हेच, ह्याच क्रमाने.

सोमवारी मी कांताशी बोललो. ती साली पालथ्या करत होती, मी नळीला घासकागद मारत होतो. आमच्यात दहा हातांचे अंतर होते.

"कांताताई, हे ठसे दुखतात का?"

"पहिले दोन दिवस जळजळतं. मग न्हाई."

"कोणी येतं का तुमच्याजवळ?"

ती साली उलटत राहिली.

"येतो," ती म्हणाली.

"कोण?"

"हात येतो."

"तुम्हाला तो दिसतो?"

"डोळं मिटलेलं असतात. उघडलं तर जाईल."

"भीती वाटत नाही?"

"हाताची कशाची भीती, काका." तिने पहिल्यांदाच मला काका म्हटले. "वासावरनं कळतं, आला म्हणून. मग गप पडून ऱ्हायचं."

"बुधवारी तुम्हाला डाग देणार आहेत. ठाऊक आहे?"

"व्हय."

"तुम्ही नाही म्हणत नाही?"

"डाग दिल्यावर पुन्हा यील का, एवढं कुणी सांगत न्हाई," ती म्हणाली. "बाकी काय, भाजल्यालं बरं व्हतं." आणि तिने साली भरलेली परात उचलून दुसऱ्या उन्हात नेली.

त्या रात्री माझा उजवा हात कोपराखाली जळजळत होता. चुलाणाची धग लागली असावी असे समजून मी खोबरेल लावले. मंगळवारी पहाटे उजेडात बाही वर केली आणि खाटेवर बसून राहिलो.

माझ्या हातावर हात उठला होता.

तळव्याचा काठ मनगटाकडे, अंगठा आतल्या बाजूला, तीन बोटे वरून वळलेली. करंगळीच्या जागी ठिपका. कडा अशा स्वच्छ की, पेन्सिलीने गिरवाव्यात. मी भानुदास लगडला कधी पाहिले नव्हते. तो मला ओळखत नव्हता. पत्नीकडे येणारा मृत माणूस पाहुण्याच्या हाताला धरील, याला काही कारण असायला हवे होते. माझे शिक्षण तंत्रनिकेतनातले. न समजणाऱ्या गोष्टीपाशी बसून ती सुटी करत जावी, ही तिथली शिकवण. मी ती करू लागलो. या जागी मला कोणी हात लावला होता का?

लावला होता. शनिवारी. फळीपाशी.

पुढचे ओळीने येत गेले. आमचे एक प्राध्यापक सांगत की, काही लिंबूवर्गी फळांचे साल दाबून काढलेले तेल कातडीवर राहिले आणि त्यावर ऊन पडले, तर एकदोन दिवसांनी तिथे भाजल्यासारखा डाग उठतो आणि महिनोन्महिने टिकतो. वाफेवर काढलेल्या तेलात तो दोष नसतो. तो जड अंश वाफेबरोबर वर येतच नाही. शनिवारी यसूबाईंचा तळवा दाबून काढलेल्या तेलाने ओला होता. मी बाही सारून दुपारभर उन्हात बसलो होतो. त्यांचे स्वतःचे हात दिवसभर अंधारात, राठ कातडीचे, आणि संध्याकाळी राखेने घासून धुतलेले. राहता राहिली करंगळी. मूल आकडी करंगळी घेऊन जन्मले, तर ती कोणाकडून तरी आली असणार.

शेडवर पोचताच मी सरळ यसूबाईंच्या परातीसमोर उकिडवा बसलो आणि त्यांच्या हाताकडे पाहिले. लिंबू तळव्याखाली फिरत होते. करंगळी वर उचललेली, आकड्यासारखी. तिचे टोक तेवढे परातीला टेकत होते. गावात साऱ्यांनी ती पाहिली असणार. पण जिवंत माणसाचा हात काळा ठसा उठवतो, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, म्हणून तिकडे कोणी पाहिले नव्हते.

मी बाही वर केली.

यसूबाई मागे सरकल्या. "तुमच्यावर बी?"

"हा तुमचा हात आहे, यसूबाई. शनिवारी तुम्ही मला फळीवरून ओढलंत." आणि मी त्यांना तेलाचे, वाफेचे, उन्हाचे सारे सावकाश समजावून सांगितले. गिरिजाबाईही दारात येऊन ऐकत होत्या. "ही परात आजपासून बंद करा. महिनाभरात या तेलाच्या जेवढ्या बाटल्या भरल्यात, त्या गावाबाहेर जाता कामा नयेत."

"एकही गेली नाही," गिरिजाबाई म्हणाल्या. "बुचं यायची होती."

यसूबाई माझ्या हातावरचा ठसा पाहत होत्या. मग त्यांनी आपला हात उलटा करून पाहिला. करंगळीपाशी नजर थांबली. त्या म्हणाल्या, "तुमच्यावरचा माझा असंल. तिच्यावरचा न्हाई."

"का नाही?"

"मी तिला शिवत न्हाई. साऱ्या भावकीपुढं बोललीय मी. इचारा कुणालाबी."

"यसूबाई, उद्या त्या मुलीला..."

"मोत्या," त्या उठून म्हणाल्या, "पाव्हण्यांना सांग, नळीचं काम झालं असंल तर दुपारची गाडी हाय."

बुधवारी सकाळी दगडूबाबा आले. मी कल्पना केली होती, तसे ते नव्हते. धुतलेले धोतर, बारीक अंगाचा म्हातारा, आवाज मृदू. त्यांनी अंगणात घोंगडी अंथरवली, चहा घेतला, कांताला समोर बसवले आणि एकेक ठसा डॉक्टराने पाहावा तसा पाहिला. भावकीतली दहापंधरा माणसे कुंपणापाशी उभी होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात विळा घातलेला होता.

मी पुढे होऊन माझा हात दाखवला आणि तेलाची हकिकत सांगितली. कुंपणापाशी कोणीतरी म्हणाले, "सायबालाबी धरलं की." एकदोघे हसले.

दगडूबाबा हसले नाहीत. "साहेब, तुम्ही म्हणता ते अंगावरचं. असंल तसं. पण मग हात कुणाचा, ते बोला. ह्या घरात हिला हात कोण लावतं?"

मी यसूबाईंकडे पाहिले. त्या दारात चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांच्या शब्दावर माझा शब्द टाकण्याचा अधिकार मला नव्हता; आणि टाकला असता तरी तो तिथे टिकला नसता.

"सांगता येत नसंल तर बाजूला व्हा," ते म्हणाले. "अमावस्या फिटायला आलीय. घरच्या मोठ्या माणसानं विळा हातात द्यायचा आणि 'ने बाबा' म्हणायचं. त्याशिवाय मी काही करत नाही. यसूबाई, या."

विळा लाल झाला होता. कांताने मानेवरचा पदर स्वतःच बाजूला केला आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ती थोडी पुढे वाकली, हनुवटी किंचित वर, गाल समोर. डाग घेणारे माणूस असे बसत नाही. वाट पाहणारे माणूस असे बसते.

यसूबाईंनी मुठीला फडके गुंडाळून विळा उचलला. दोन पावले चालल्या. सुनेच्या समोर उभ्या राहून तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या, आणि मला वाटते, ती बसण्याची रीत त्यांनी ओळखली. रोज दुपारी ओट्यावर त्यांना हाच चेहरा असाच दिसत असला पाहिजे.

विळा डोणीच्या पाण्यात गेला. फुस्स असा आवाज झाला आणि वाफ वर आली. फडके जमिनीवर टाकून यसूबाईंनी उजवा तळवा कांताच्या गालावर, त्या ठशावर ठेवला. अंगठा अंगठ्यावर. तीन बोटे तीन बोटांवर. करंगळीचे टोक ठिपक्यावर. कोठेही काठ बाहेर राहिला नाही.

"माश्या बसत व्हत्या," त्या भावकीकडे पाहून म्हणाल्या. "झोपली की तोंडावर माश्या बसत व्हत्या. हाकलल्या. त्यात काय एवढं."

मग त्या कुत्र्याकडे वळल्या, तोंड उघडले, आणि पुन्हा कांताकडे वळल्या.

"ऊन लागतंय तुला," त्या म्हणाल्या. "आत चल."

कांताने डोळे उघडले. "मी जागीच असायची, आत्याबाई," ती म्हणाली. "रोज."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर हात काढून घेतला असता तुमी."

यसूबाईंनी हात काढला नाही. तसाच गालावर ठेवून तिला उठवले आणि दोघी आत गेल्या.

दगडूबाबांनी घोंगडी झटकली. "झालं काम," ते मला म्हणाले. "नारळ ठेवून जातो. नेहमी उतरवलेलं त्यात बांधून मी घेऊन जात असतो."

त्या दुपारी नळी बसली, यंत्र चालू झाले, आणि संध्याकाळपर्यंत वाफेवरचे पहिले तेल हाती आले. गिरिजाबाईंच्या आग्रहावरून मी पाडव्याला थांबलो. गुरुवारी सकाळी निरोप घ्यायला लगडांच्या घरी गेलो, तेव्हा गुढी उभी होती आणि न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. सणाच्या अभ्यंगासाठी नवे तेल तीळतेलात मिसळून गिरिजाबाईंनी सकाळीच पोचवले होते. यसूबाई स्वतः सुनेला तेल लावून न्हाऊ घालत होत्या. आतून त्यांचे बोलणे ऐकू येत होते, आणि कुत्रे बाहेर पसरलेले होते, म्हणजे ते बोलणे कुत्र्याशी नव्हते.

मग बोलणे थांबले. पाणीही थांबले.

यसूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सायेब, तुमी म्हणला व्हता, ऊन लागंल तिथंच ठसा उठतो."

"हो."

"जिथं ऊन लागतच न्हाई, तिथं?"

"तिथं उठणार नाही."

"पक्कं?"

"पक्कं. तेल कितीही लागलं तरी उन्हाशिवाय नाही."

"पाठीवर, चोळीच्या आत, मधोमध? डावा हात, पण ठिपका तसाच?"

"नाही उठणार. का?"

आपला उजवा हात वर करून त्या पाहत होत्या. मग तो उतरवून तितक्याच लक्षाने डावा पाहिला. त्याची करंगळी सरळ होती.

"आन् मी तिथं कधी हात लावला न्हाई," त्या म्हणाल्या. सहा दिवसांत प्रथमच त्यांच्या तोंडावर मला समाधान दिसले. "मंग बरं."

त्यांनी माझ्या हातावर गूळ आणि कडुलिंब ठेवला आणि पुन्हा न्हाणीत गेल्या. पाण्याचा आवाज सुरू झाला.

पातळ कापडातून ऊन झिरपू शकते, हा तर्क मी परतीच्या गाडीत करून पाहिला. पण कांता अंगात जाड खणाची चोळी घालत असे, आणि ते मला आठवत होते. त्या ठशाबद्दल मी पुढे कोणाला काही समजावले नाही.

गिरिजाबाई बाटल्यांच्या कामानिमित्त वरचेवर पत्र लिहीत. कांता त्या घरातून कुठे गेली नाही. यसूबाईंच्या शेवटच्या आजारात तिनेच त्यांचे सारे केले. माझ्या हातावरचा ठसा आषाढात फिका पडून नाहीसा झाला. कांताच्या अंगावर एकंदर पाच ठसे होते. मानेवरचा, दोन्ही दंडांवरचे आणि गालावरचा, असे चार दिवाळीपर्यंत पुसले गेले. राहिला तो एक.